राहुल बोस

राहुल बोस (जन्म: २७ जुलै, १९६७) हे भारताचे माजी आंतरराष्ट्रीय रग्बी युनियन खेळाडू, चित्रपट अभिनेते, दिग्दर्शक व क्रीडा संघटक आहेत. १९९८ साली प्रथमच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरलेल्या भारतीय रग्बी संघात त्यांचा समावेश होता. त्यांच्या खेळण्याच्या काळात भारतात रग्बी पूर्णपणे हौशी स्वरूपाचा खेळ होता आणि बोस यांचा चरितार्थ आधी जाहिरात व्यवसायावर, नंतर अभिनयावर चालला. पुढे ते भारतीय रग्बी फुटबॉल युनियनचे अध्यक्ष झाले. त्यांच्याच कार्यकाळात, २०२५ मध्ये, देशातील पहिली व्यावसायिक रग्बी लीग मुंबईत खेळवण्यात आली.

== पूर्वायुष्य ==

बोस यांचे शालेय शिक्षण मुंबईतील कॅथेड्रल अँड जॉन कॉनन शाळेत आणि महाविद्यालयीन शिक्षण सिडनहॅम महाविद्यालयात झाले. आपला वारसा अर्धा बंगाली, पाव पंजाबी व पाव महाराष्ट्रीय असल्याचे त्यांनी सांगितले आहे. रग्बी आणि मुष्टियुद्ध या दोन्ही खेळांची गोडी त्यांना आईमुळे लागली. शाळेच्या रग्बी संघातून ते खेळले. मुष्टियुद्धात त्यांनी पश्चिम भारत अजिंक्यपद स्पर्धेत रौप्यपदक मिळवले.

१९८७ मध्ये आईच्या निधनानंतर ते मुंबईतील रीडिफ्यूजन या जाहिरात संस्थेत मजकूर लेखक म्हणून रुजू झाले. देव बेनेगल दिग्दर्शित 'इंग्लिश, ऑगस्ट' (१९९४) या पहिल्या चित्रपटानंतर त्यांनी ही नोकरी सोडून पूर्णवेळ अभिनय स्वीकारला.

== पार्श्वभूमी ==

भारतात रग्बी नवा नाही. कोलकात्यात १८७२ च्या नाताळच्या दिवशी या खेळाचा सामना झाल्याची नोंद आहे. तेथील क्लब काही वर्षांतच बंद पडला. तेव्हा सभासदांनी क्लबच्या खात्यातील चांदीचे रुपये वितळवून एक करंडक घडवला व तो इंग्लंडच्या रग्बी संघटनेला भेट दिला. इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यातील वार्षिक सामन्याच्या विजेत्याला आजही हाच 'कलकत्ता कप' दिला जातो. मुंबईत हा खेळ प्रामुख्याने बॉम्बे जिमखान्याच्या आश्रयाने टिकला आणि पावसाळ्यात, चिखलाने भरलेल्या मैदानावर खेळला जात राहिला. १९२४ पासून अखिल भारतीय स्पर्धाही होऊ लागली. तथापि काही महानगरे व सैन्यदल यांच्यापलीकडे खेळाचा फारसा प्रसार झाला नाही. राष्ट्रीय संघाला पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळण्यासाठी पहिल्या सामन्यानंतर तब्बल सव्वाशे वर्षे थांबावे लागले.

== रग्बी कारकीर्द ==

१९९८ च्या आशियाई रग्बी फुटबॉल युनियन अजिंक्यपद स्पर्धेत बोस यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. त्या वेळी त्यांनी वयाची तिशी ओलांडली होती. अनेक रग्बीपटू याच वयात निवृत्तीचा विचार करू लागतात.

बोस स्क्रम-हाफ आणि उजवा विंगर अशा दोन जागांवर खेळत. रग्बी युनियनमध्ये प्रत्येक संघात १५ खेळाडू असतात आणि हाताने चेंडू फक्त बाजूला किंवा मागे देता येतो. स्क्रममध्ये दोन्ही संघांचे प्रत्येकी आठ फॉरवर्ड एकमेकांना भिडून रेटा लावतात. त्यांच्या पायांतून मागे आलेला चेंडू उचलून वेगाने आपल्या बॅक खेळाडूंकडे पोहोचवणे हे स्क्रम-हाफचे काम असते. चेंडू सोडण्याच्या क्षणीच प्रतिस्पर्धी अंगावर येत असल्याने या जागेवर शरीरयष्टीपेक्षा चपळाई व तत्काळ निर्णयक्षमता महत्त्वाची ठरते. विंगर मैदानाच्या कडेला असतो. तेथे सर्वाधिक गरज वेगाची. या दोन्ही जागांची कौशल्ये इतकी भिन्न आहेत की एकाच खेळाडूने दोन्ही सांभाळणे ही सर्रास आढळणारी गोष्ट नाही.

अमेरिकन फुटबॉलप्रमाणे रग्बीत शिरस्त्राण व कठीण कवच नसते. चेहरा हेच ज्याचे भांडवल आहे अशा अभिनेत्याने हा खेळ दीर्घकाळ खेळावा, हे त्यामुळेच विशेष म्हणावे लागते. 'मिस्टर अँड मिसेस अय्यर' (२००२), 'झंकार बीट्स' (२००३) व 'चमेली' हे त्यांचे गाजलेले चित्रपट याच काळातील आहेत. २००९ च्या हंगामासाठी आपण राष्ट्रीय संघात परतणार नसल्याचे त्यांनी जाहीर केले.

== चित्रपट व सामाजिक कार्य ==

'एव्हरीबडी सेज आय'म फाइन!' (२००१) हा बोस यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. १३ व्या वर्षी एव्हरेस्ट सर करणाऱ्या मालावत पूर्णा हिच्या जीवनावरील 'पूर्णा' (२०१७) हा चित्रपटही त्यांनी दिग्दर्शित केला. २००६ मध्ये त्यांनी 'द फाउंडेशन' ही स्वयंसेवी संस्था स्थापन केली.

== प्रशासकीय कारकीर्द ==

२०२१ मध्ये बोस भारतीय रग्बी फुटबॉल युनियनचे अध्यक्ष झाले. जागतिक पातळीवर रग्बी युनियनने ऑगस्ट १९९५ मध्येच हौशीपणाची अट रद्द करून खेळाडूंना मानधन देण्यास मुभा दिली होती. मात्र भारतात त्यानंतरही अनेक वर्षे खेळाडूंसाठी व्यावसायिक स्पर्धा नव्हती. दरम्यान २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सात खेळाडूंच्या रग्बी सेव्हन्सचा समावेश झाला आणि भारतातही लक्ष या छोट्या प्रकाराकडे वळले.

युनियनने जीएमआर स्पोर्ट्सच्या सहकार्याने सुरू केलेली रग्बी प्रीमियर लीग याच सेव्हन्स प्रकारावर आधारलेली आहे. पहिला हंगाम १५ ते २९ जून, २०२५ या काळात अंधेरीतील शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलात झाला. त्यात बेंगळुरू, चेन्नई, दिल्ली, हैदराबाद, कलिंग व मुंबई असे सहा संघ होते आणि प्रत्येक संघात परदेशी खेळाडूंबरोबर भारतीय खेळाडूही होते. सामना चार-चार मिनिटांच्या चार सत्रांचा ठेवण्यात आला. भारतीय खेळाडूंपैकी मोहित खत्री यांना बेंगळुरू ब्रेव्हहार्ट्सने ४.७५ लाख रुपयांना घेतले. क्रिकेटच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ वाटेल, परंतु बोस यांच्या पिढीतील रग्बीपटूंना मैदानावरील खेळासाठी असा मोबदला मिळण्याची सोयच नव्हती. अंतिम सामन्यात चेन्नई बुल्सने दिल्ली रेड्झचा ४१–० असा पराभव करून पहिले विजेतेपद मिळवले.