मिलिन्द राजा कोण? पालि ग्रंथ, नाणी आणि ग्रीक साक्ष

'मिलिंद' हे नाव आपल्या वस्त्यांत घरोघरी ऐकू येते. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये तत्कालीन औरंगाबाद येथे महाविद्यालय काढले. ते मिलिंद महाविद्यालय या नावाने आणि त्याचा परिसर नागसेनवन या नावाने प्रसिद्ध आहे. प्रश्न विचारणारा राजा व उत्तर देणारा भिक्खू यांची नावे अशी शेजारी आली. संस्कृत कोशात 'मिलिन्द' याचा अर्थ भुंगा असा दिलेला असतो. परंतु आपल्या मुलांना जे नाव दिले जाते ते भुंग्याचे नव्हे, राजाचे होय.

हा राजा इतिहासातील कोण? 'ग्रीक राजा मिनँडर' हे उत्तर पाठ्यपुस्तकात एका ओळीत मिळते. ते कोणत्या पुराव्यावर उभे आहे आणि तो पुरावा आपल्याला कोठपर्यंत नेतो, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. प्रस्तुत लेखात आम्ही हे दुवे एकेक करून तपासणार आहोत. जे दुवे जुळत नाहीत तेही वाचकांपुढे ठेवणे आम्ही आवश्यक समजतो.

ग्रंथातील माहिती

'मिलिन्दपञ्ह' या ग्रंथाची ट्रेंकनर यांनी संपादिलेली रोमन लिपीतील आवृत्ती १८८० मध्ये निघाली. रा. द. वाडेकर यांची देवनागरी आवृत्ती मुंबई विद्यापीठाने १९४० मध्ये प्रकाशित केली. ग्रंथात राजाचा राज्यकाल वा वंशावळ दिलेली नाही. त्याच्याविषयीची माहिती संवादाच्या ओघात येते. तो योनकांचा, म्हणजे यवनांचा राजा आहे. त्याची राजधानी सागल. पाचशे योनक त्याच्या भोवती असतात. त्याच्या जवळच्या माणसांत देवमन्तिय व अनन्तकाय अशी नावे आढळतात. त्याचा जन्म अलसन्द नावाच्या दीपात, कलसिगामात झाला. अलसन्द सागलपासून दोनशे योजने दूर आणि काश्मीर बारा योजने दूर, असे तो स्वतः नागसेन स्थविरांना सांगतो.

यांतील बरेच काही ग्रीकांकडे बोट दाखविते. 'अलसन्द' हे अलेक्झांड्रिया या नगरनामाचे पालि रूप होय. देवमन्तिय म्हणजे डिमेट्रिऑस व अनन्तकाय म्हणजे अँटिऑकस, असे विद्वानांनी सुचविले आहे. सागल म्हणजे पंजाबातील सियालकोट, हे मत सर्वसाधारणपणे मान्य आहे. काश्मीर तेथून जवळ असल्याचे राजाचे म्हणणेही त्याला पोषक ठरते. म्हणजे आपण ज्याचा शोध घेत आहोत तो पंजाबात राज्य करणारा, परंतु दूरच्या अलेक्झांड्रियात जन्मलेला ग्रीक राजा आहे.

नावाची साक्ष

मिनँडरच्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक लिपीत 'बॅसिलेओस सोतेरोस मेनान्द्रू' आणि दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीत 'महरजस त्रतरस मेनंद्रस' अशी अक्षरे असतात. दोन्हींचा अर्थ 'त्राता महाराज मिनँडर याचे (नाणे)' असाच आहे. 'मेनंद्र' चे 'मिलिन्द' कसे झाले? न आणि ल यांची अदलाबदल आपल्या भाषांना नवी नाही. संस्कृत 'लाङ्गल' पालित 'नङ्गल' होते आणि मराठीत 'नांगर' होते. संस्कृत 'ललाट' पालित 'नलाट' होते. मेनंद्र या नावात दोन अनुनासिके एकापाठोपाठ आली आहेत. त्यांतील पहिल्याचा ल होणे हे उच्चाराच्या सोयीचे आहे. शेवटच्या 'इन्द' वर पालि 'इन्द', म्हणजे इंद्र, या परिचित शब्दाची छाया पडली असावी. याप्रमाणे नावातील बदलाचा उलगडा होतो. तथापि केवळ नावाच्या साम्यावर इतिहास उभा राहत नाही. त्यास स्वतंत्र साक्षीदार लागतात.

बाहेरचे साक्षीदार

पहिला साक्षीदार म्हणजे नाणीच. भारतातील यवन राजांमध्ये सर्वाधिक नाणी मिनँडरची सापडली असून ती अफगाणिस्तानापासून पंजाबपर्यंत पसरलेली आहेत. दुसरा साक्षीदार भूगोलवेत्ता स्ट्रॅबो. बॅक्ट्रियाच्या ग्रीकांनी सिकंदरापेक्षाही अधिक लोकांना जिंकले आणि त्यांत मिनँडर अग्रेसर होता, असे तो जुन्या लेखकाच्या आधारे नोंदवितो. तिसरा साक्षीदार इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एक अनामिक व्यापारी. त्याच्या समुद्रप्रवासाच्या वृत्तान्तात भरुकच्छ (भडोच) बंदरी मिनँडरची जुनी नाणी अद्याप चालत असल्याची नोंद आहे.

चौथा साक्षीदार प्लुटार्क सर्वांत महत्त्वाचा आहे. राज्यकारभाराविषयी उपदेश करताना तो मिनँडरचे उदाहरण देतो. हा राजा न्यायाने राज्य करी. तो छावणीत मरण पावला. तेव्हा नगरांनी मिळून त्याचे अंत्यसंस्कार केले. परंतु अस्थींवरून त्यांच्यात वाद झाला. अखेर अस्थींचे समान भाग करून प्रत्येक नगराने आपल्या येथे स्मारक उभारावे असे ठरले. 'महापरिनिब्बाण सुत्त' वाचलेल्या कोणासही येथे द्रोण ब्राह्मणाने केलेल्या आठ भागांची आठवण होईल. प्लुटार्कला ते सुत्त ठाऊक असण्याचा संभव नाही. म्हणूनच त्याच्या लेखनातून डोकावणारी ही चाल विचारात घेण्याजोगी आहे.

न जुळणारे दुवे

आता विरुद्ध बाजू. ग्रंथाप्रमाणे बुद्ध परिनिब्बाणानंतर पाचशे वर्षांनी मिलिन्द व नागसेन उत्पन्न झाले. मिनँडरचा काळ नाण्यांवरून इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ठरतो. परिनिब्बाणाचे कोणतेही प्रचलित वर्ष धरले तरी मधले अंतर पाचशे भरत नाही, कमीच पडते. आमच्या मते 'पाचशे' ही येथे मोजलेली वर्षे नसून परंपरेतील ठराविक संख्या आहे. राजाभोवतीचे योनकही पाचशेच आहेत. योजनांचेही तसेच. दोनशे म्हणजे बाराच्या सुमारे सतरापट. या प्रमाणात अलसन्द काबूलजवळच्या अलेक्झांड्रियाहून पुष्कळच दूर पडते, परंतु इजिप्तच्या अलेक्झांड्रियापर्यंतही नीट पोहोचत नाही. या आकड्यांवरून जन्मस्थान निश्चित करणे योग्य नव्हे. काबूलकडील अलेक्झांड्रियाला बहुतेक विद्वान पसंती देतात ती यवन राज्याच्या स्थानामुळे.

याहून मोठी अडचण म्हणजे ग्रंथाच्या आरंभी मिलिन्द राजा पूरण कस्सप, मक्खलि गोसाल यांना प्रश्न विचारतो. हे तर भगवान बुद्धांचे समकालीन! येथे 'सामञ्ञफल सुत्ता'तील अजातसत्तूच्या कथेचा साचा उचललेला आहे हे स्पष्ट दिसते. ग्रंथाचा हा भाग वाङ्मयीन रचना आहे. त्यास वृत्तान्त मानता येणार नाही.

आणखी एक दावेदारही आहे. काही नाण्यांवर मिनँडर याच नावापुढे 'ध्रमिकस', म्हणजे धार्मिक, ही पदवी आढळते. नाणेशास्त्रज्ञ हा दुसरा, नंतरचा मिनँडर मानतात. पदवी पाहून तोच आपला मिलिन्द असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु पंजाबपर्यंतचे विस्तृत राज्य आणि दूर देशीही टिकलेली कीर्ती पहिल्या मिनँडरची आहे. लोकांच्या स्मरणात राहून ग्रंथाचा नायक होण्याइतका मोठा तोच होय.

राजा भिक्खू झाला काय?

आपल्या वाचकांना जिव्हाळ्याचा प्रश्न येथे येतो. ग्रंथाच्या अखेरीस राजा पुत्रावर राज्य सोपवून प्रव्रज्या घेतो व अर्हत्पद मिळवितो. प्लुटार्क मात्र त्याला छावणीत, राजा म्हणूनच, मृत्यू आल्याचे सांगतो. दोन्ही खरे कसे असेल?

याचे उत्तर ग्रंथाच्या घडणीत आहे. चिनी भाषेत 'नागसेन भिक्षु सूत्र' नावाने या संवादाचे जे भाषांतर आहे, त्यात पालि ग्रंथाच्या साधारणपणे पहिल्या तीन भागांशी जुळणारा मजकूर येतो. पुढील भाग त्यात नाहीत. पालि ग्रंथातही तिसऱ्या भागाच्या शेवटी समाप्तीचे वाक्य आहे. तेव्हा जुना ग्रंथ तेथेच संपत होता आणि अर्हत्पदाची कथा नंतरच्या भरीतील आहे, असे मानणे प्राप्त आहे.

त्या जुन्या भागाच्या अखेरीस राजा काय म्हणतो? सोन्याच्या पिंजऱ्यातील सिंह जसा बाहेर तोंड करून असतो, तसा मी घरात राहूनही बाहेर पाहत असतो. परंतु घर सोडले तर मी फार काळ जगणार नाही, कारण माझे शत्रू पुष्कळ आहेत, अशा आशयाचे त्याचे उद्गार आहेत. छावणीत मरणाऱ्या राजाच्या तोंडी हे बोलणे किती नेमके बसते! मिलिन्द हाच मिनँडर, याची आम्हांला सर्वांत पटणारी खूण हीच वाटते. पालि रचनाकाराने प्लुटार्क वाचलेला नाही, प्लुटार्कने पालि वाचलेले नाही, आणि तरी दोघांचा राजा शेवटपर्यंत राजाच राहतो.

त्याने धम्माला आश्रय दिला असावा, याला काही आधार आहे. त्याच्या एका लहान तांब्याच्या नाण्यावर आठ आऱ्यांचे चक्र आहे. मात्र चक्र हे चक्रवर्ती राजाचेही चिन्ह असते. बाजौर भागात मिळालेल्या, १९३७ मध्ये न. गो. मजुमदार यांनी प्रसिद्ध केलेल्या अस्थिकरंडकावर त्याचे नाव वाचले गेले. परंतु त्या लेखातील काही भागाच्या अस्सलपणाविषयी पुढे शंका घेतली गेली आहे. म्हणून मिलिन्द हा मिनँडर होय हे आम्ही निश्चयाने म्हणू. तो धम्माला अनुकूल होता हे संभवनीय म्हणू. तो अर्हत् झाला हे इतिहास म्हणून सांगणार नाही.

यामुळे त्या नावाची थोरवी कमी होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. संवादाच्या प्रारंभी नागसेन स्थविर राजाला अट घालतात: पंडितांप्रमाणे चर्चा करणार असाल तर करू, राजांप्रमाणे करणार असाल तर नाही. पंडित हरले तरी रागावत नाहीत. राजे मात्र विरुद्ध बोलणाऱ्यास दंड करतात. मिलिन्दाने ती अट मान्य केली. ज्या समाजाला प्रश्न विचारण्याचाच अधिकार शतकानुशतके नाकारला गेला, त्याच्या विद्यालयाला आणि मुलांना शोभण्यासारखे हे नाव आहे. ते सार्थ करावयाचे तर मिलिन्दाविषयीच्या कथाही त्याच्याच रीतीने, पुरावा मागून, वाचल्या पाहिजेत.