बॉनचा वनस्पतिशास्त्रज्ञ आणि सातपुड्याचे राखीव वन

१/
नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरांत, वनजमिनीवरचा हक्क मागणाऱ्या शेतकऱ्याला आजही एका जुन्या शब्दाला सामोरे जावे लागते : ‘राखीव वन’. हा शब्द ज्या व्यवस्थेतून आला, तिचा पाया घालणारा अधिकारी इंग्रज नव्हता. तो होता जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डिट्रिख ब्रँडिस.

२/
ब्रँडिस यांचा जन्म १८२४ चा, बॉनमधला. वडील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. स्वतः ब्रँडिस बॉन विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवीत. १८५४ मध्ये त्यांचा विवाह बंगालमधील सेरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन यांच्या कन्येशी झाला आणि या नात्यामुळे त्यांचे नाव गव्हर्नर जनरल डलहौसीपर्यंत पोहोचले.

३/
डलहौसीला अशा माणसाची निकड होती. १८५२ मध्ये ब्रह्मदेशातील पेगू प्रांत इंग्रजांच्या ताब्यात आला होता आणि तेथील सागावर लाकूडव्यापाऱ्यांची कुऱ्हाड अखंड चालू होती. १८५६ मध्ये ब्रँडिस पेगूच्या सागवनांचे अधीक्षक झाले.

४/
पहिला प्रश्न साधा होता : झाडे आहेत किती? ब्रँडिस हत्तीवर बसून जंगल पालथे घालीत. झाडांच्या घेराप्रमाणे त्यांनी वर्ग पाडले होते. प्रत्येक वर्गासाठी बांबूची एक कांडी हातात असे आणि झाड दिसले की त्या कांडीवर चाकूने एक खाच पडे. दमट जंगलात कागदापेक्षा बांबू भरवशाचा होता.

५/
या मोजणीतून तोडीचा नियम निघाला. मोठ्या वर्गातील जेवढी झाडे तोडायची, तेवढीच खालच्या वर्गातून वाढून त्यांची जागा घेतील, असा तो हिशेब होता. जंगल म्हणजे मुद्दल आणि वार्षिक वाढ म्हणजे व्याज. खर्च करायचा तो व्याजाचा.

६/
हिंदुस्थानातही जंगलावर ताण वाढत होता. मुंबई इलाख्यात १८४७ पासूनच डॉ. अलेक्झांडर गिब्सन वनसंरक्षक होते. १८५३ नंतर रेल्वे पसरू लागली तशी रुळांखालच्या लाकडी स्लीपरांची मागणी वाढली. १८६४ मध्ये ब्रँडिस हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले; पुढच्याच वर्षी पहिला वनकायदा आला.

७/
तो कायदा अपुरा ठरला आणि १८७० च्या दशकात खरा वाद पेटला. जंगल कोणाचे? बेडन-पॉवेल या अधिकाऱ्याचे म्हणणे असे की, ज्या वापराला सरकारची लेखी मान्यता नाही तो हक्क नव्हे, निव्वळ सवलत. आणि सवलत कधीही काढून घेता येते. मद्रास सरकारने या भूमिकेला कडाडून विरोध केला.

८/
ब्रँडिस यांनी मधली वाट धरली. मोक्याची जंगले सरकारने राखावीत. पण गावाच्या वहिवाटीची नोंद व्हावी आणि गावांना स्वतःची जंगले मिळावीत, असे त्यांचे मत होते. १८७८ च्या कायद्यात राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन प्रकार आले. पहिल्या दोहोंची व्याप्ती वाढत गेली. ग्रामवनाचे प्रकरण बहुतांशी कागदावरच राहिले.

९/
मद्रासने आपला वेगळा कायदा केला. मुंबई इलाख्याला मात्र हाच कायदा लागू झाला. खानदेश याच इलाख्यात होता. सातपुड्यातील भिल्ल, पावरा आदी समाजांचे शेत, गुरांची चराई, मोहफुले, डिंक, घराचे लाकूड हे सारे एकाच डोंगराचे देणे होते. आता त्या डोंगरावर सीमारेषा पडली आणि रेषेपलीकडची वहिवाट गुन्हा ठरू लागली.

१०/
ब्रँडिस १८८३ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या पदावर पुढे श्लिख आणि रिबेनट्रॉप हे जर्मन अधिकारीच आले. भारतीय वृक्षांवरचा मोठा ग्रंथ १९०६ मध्ये प्रसिद्ध करून ब्रँडिस १९०७ मध्ये बॉनमध्येच निवर्तले. १८७८ च्या कायद्याची चौकट मात्र १९२७ च्या वनकायद्यात कायम राहिली आणि तो कायदा स्वातंत्र्यानंतरही टिकला.

११/
त्याची किंमत सातपुड्याने मोजली. डोंगरातील अनेक वनगावे दीर्घकाळ महसुली दप्तराबाहेर राहिली. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीला सातबारा नाही. आणि सातबारा नाही म्हणून कसणारा ‘अतिक्रमणदार’. १९७२ पासून शहाद्याच्या श्रमिक संघटनेने आदिवासींच्या जमिनीचा प्रश्न उचलला, त्यामागे हा सारा इतिहास होता.

१२/
२००६ च्या वनहक्क कायद्याने, आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, अशी कबुली आपल्या प्रस्तावनेतच दिली. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासी कसत असलेल्या वनजमिनीवर, कमाल ४ हेक्टरपर्यंत, हक्क मान्य झाला. सामूहिक वनांवरचा ग्रामसभेचा अधिकारही कायद्यात आला. ग्रामवनाचा जो विचार १८७८ नंतर अडगळीत पडला होता, तो १२८ वर्षांनी अधिक बळ घेऊन परतला.

१३/
या कायद्याच्या नियमांत पुरावा म्हणून गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी नोंदवलेला जबाबही ग्राह्य आहे. तरीही दाव्याच्या फायलीत प्रथम शोधला जातो तो जुना सरकारी कागद. ज्या वनखात्याची पहिली मोठी मोजणी बांबूवरच्या खाचांनी झाली आणि सरकारने ती विश्वासाने स्वीकारली, त्याच खात्यासमोर सातपुड्यातल्या म्हाताऱ्याच्या तोंडच्या साक्षीला आजही आपली पत सिद्ध करावी लागते.