कण न फोडता

खनिजात कोणती मूलद्रव्ये किती प्रमाणात आहेत हे पाहण्याची जुनी रीत अशी: खनिज कुटायचे, विरघळवायचे आणि रासायनिक परीक्षा घ्यायची. उत्तर मिळे, पण सरासरीचे. एकाच कणाचा गाभा आणि कड यांची घडण निराळी असेल, तर तो फरक भुकटीतच हरवे.

ही अडचण दूर केली ती रेमों कास्तें (१९२१-१९९८) या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने. ते अभ्यास करीत होते मिश्रधातूंचा. इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत नमुन्यावर टाकून बाहेर पडणारे क्ष-किरण तपासावेत, असे त्यांचे मार्गदर्शक आंद्रे गिनिए यांनी सुचवले. प्रत्येक मूलद्रव्याच्या क्ष-किरणांची तरंगलांबी ठरलेली असते, हे मोझली यांच्या १९१३ मधील प्रयोगांमुळे माहीत होतेच. कास्तें यांनी झोत सुमारे एक मायक्रॉन इतका बारीक केला.

मूलद्रव्य ओळखले, तरी प्रमाण कसे सांगायचे? कास्तें यांनी नमुन्यातील किरणांची तीव्रता शुद्ध मूलद्रव्याच्या किरणांशी ताडून पाहिली. नमुन्यातच काही किरण शोषले जातात, काही नव्याने निर्माण होतात. त्यासाठी करायच्या दुरुस्त्यांचे गणित त्यांनी १९५१ च्या प्रबंधात मांडले.

धातूंसाठी घडलेले हे उपकरण खनिजतज्ज्ञांनीही आपलेसे केले. अपोलो-११ ने १९६९ मध्ये आणलेल्या चांद्रखडकांत आर्मालकोलाइट हे नवे खनिज सापडले. त्याच्या इवल्या कणांची घडण याच पद्धतीने कळली. आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन व कॉलिन्स ही तिन्ही नावे त्या नावात दडली आहेत.

मोजणे म्हणजे माहीत असलेल्या वस्तूशी तुलना करणे. वर्गातला तराजू हेच शिकवतो.