हिवाळा कोणाच्या बाजूने लढतो?

सुट्टीवर गावी गेलो की एक प्रश्न ठरलेला असतो. "तिकडे एवढ्या थंडीत माणसं राहतात तरी कशी हो?" प्रश्नात कौतुकापेक्षा कीवच जास्त असते. आपल्याकडे जानेवारीत पारा १० अंशांवर आला की शेकोट्या पेटतात, त्यामुळे उणे २५ म्हणजे साक्षात यमाचे घर वाटते. मी लडाखात दोन टूर केल्या आणि तिथला इतिहासही वाचत गेलो. त्या वाचनातून वाटते की थंडी वाईट की चांगली, हा प्रश्नच थोडा अपुरा आहे. कोणासाठी, आणि त्याने सप्टेंबरपर्यंत काय तयारी केली होती, हेही विचारले पाहिजे.

लडाखी माणसाला हिवाळा म्हणजे शिक्षा वाटत नाही. शेत एकच पीक देते, तेही उन्हाळ्यात. सातू कापून, भाजून, त्याचे पीठ भरून ठेवले, जर्दाळू छपरावर वाळवले, याकच्या शेणाच्या गोवऱ्या रचल्या, की माणूस मोकळा. म्हणून लग्ने हिवाळ्यात, बहुतेक गोम्पांचे मुखवटा-नाच हिवाळ्यात, आणि लोसार म्हणजे नववर्षही ऐन डिसेंबराच्या सुमारास. परंपरा सांगते की राजा जामयांग नामग्याल बाल्टींवर स्वारीला निघाला, तेव्हा त्याने सण दोन महिने अलीकडे ओढला. तिबेटात लोसार अजूनही फेब्रुवारी-मार्चमध्ये असतो. उन्हाळ्यात झांस्कर नदीच्या घळीतून चालता येत नाही, पण जानेवारीत ती गोठली की तिचीच वाट होते. तिला 'चादर' म्हणतात. पूर्वी झांस्करी माणूस याच वाटेने लोणी घेऊन लेहला विकायला जायचा.

बाहेरून येणाऱ्याची गोष्ट वेगळी. मिर्झा हैदर दुघलात १५३३ मध्ये लडाखमार्गे ल्हासाकडे निघाला. मोठा हुशार सेनानी, पुढे काश्मीरवर राज्य केले, 'तारीख-ए-रशिदी' लिहिली. पण ल्हासा त्याला दिसलेच नाही. उंचीने आणि थंडीने घोडे मेले, माणसे गळाली, आणि तो परत फिरला.

या विषयावर मला सर्वांत जास्त शिकवले ते जोरावरसिंग कहलुरियाने. जम्मूच्या राजा गुलाबसिंगचा हा सेनापती, किश्तवाडचा सुभेदार. १८३४ पासून त्याने लडाख जिंकत आणला. हा माणूस थंडीला अनोळखी नव्हता, हे मुद्दाम सांगतो, कारण त्याच्याबद्दल लिहिणारे अनेकदा त्याला थंडीची कल्पनाच नसल्यासारखे लिहितात. बाल्टिस्तानच्या मोहिमेत सिंधू ओलांडायची होती आणि पूल शत्रूने तोडलेले होते. तेव्हा नदीच्या गोठलेल्या कडांवरून मधल्या वाहत्या पाण्यावर झाडांच्या फांद्या टाकून त्यांवर बर्फ धरू दिला गेला आणि फौज पलीकडे गेली. ही युक्ती तिथल्याच दार्द लोकांची होती. म्हणजे थंडी इथे त्याच्या बाजूने लढली, कारण स्थानिक माणूस त्याच्या बाजूने होता.

मे १८४१ मध्ये तो पाच-सहा हजारांची फौज घेऊन पश्चिम तिबेटात शिरला. रुदोक, गारतोक आणि मानसरोवर ओलांडून सप्टेंबरपर्यंत तकलाकोट त्याच्या हातात. मोहीम म्हणून हे थक्क करणारे आहे. पण आता नकाशा बघा. लेहपासून शेकडो मैलांची पुरवठ्याची रेषा, बहुतेक ठिकाणी १४-१५ हजार फुटांवरची, आणि खिंडी बंद व्हायला फार तर दोन महिने. परत फिरायचे की तिथेच हिवाळा काढायचा? तो थांबला. तिबेटी फौज बर्फातून येऊन त्याच्या मागे बसली आणि चौक्या एकमेकींपासून तुटल्या. डोगरा सैनिकांची हाताची आणि पायाची बोटे गळाली. अलेक्झांडर कनिंगहॅमने नोंदवले आहे की काहींनी ऊब मिळावी म्हणून बंदुकांचे दस्ते जाळले. १२ डिसेंबर १८४१ रोजी तो-यो इथे जोरावरसिंग पडला. तकलाकोटची शिबंदी बर्फातून कुमाऊंकडे पळाली आणि त्यांतलेही कितीतरी थंडीने वाटेत मेले.

बंदुकीचा दस्ता जाळणे, हे वाक्य वाचून मी पुस्तक खाली ठेवले होते. सैनिक आपले हत्यार जाळतो तेव्हा लढाई आधीच संपलेली असते. तिबेटींची थंडी काही कमी नव्हती. त्यांच्याकडे सरपण, मेंढीचे कातडे आणि जवळची गावे होती, एवढेच. माझ्या मते जोरावरसिंगची चूक धाडसाची नव्हती, तारखेची होती. सप्टेंबरात तो अजून परत फिरू शकत होता.

आता १९४८. फेब्रुवारीत जोझिला बर्फाने बंद होता, म्हणजे बंद आहे असे सगळे मानून होते. मेजर पृथीचंद आणि सुमारे चाळीस स्वयंसेवक श्रीनगरहून निघून ती खिंड हिमकड्यांच्या धोक्यातून ओलांडून ८ मार्चला लेहला पोहोचले. पृथीचंद लाहौलचा, त्याच्याबरोबरचे कितीतरी जण तिकडचेच. त्यांना बर्फ वाचता येत होता. बर्फ वितळल्यावर मात्र मे महिन्यात कारगिल हल्लेखोरांच्या हाती गेले आणि लेह वाचवायला २४ मे रोजी एअर कमोडोर मेहरसिंगना धावपट्टी म्हणता येणार नाही अशा पट्टीवर डाकोटा उतरवावे लागले. पुढे जोझिला परत घ्यायचा तर हिवाळ्याच्या आत, नाहीतर लेहचा गळा आवळलेलाच राहणार. जनरल थिमय्यांनी स्टुअर्ट रणगाडे सुटे करून बालतालपर्यंत आणवले. हवामानामुळे तारीख पुढे गेली आणि १ नोव्हेंबरला रणगाडे खिंडीत शिरले. साडेअकरा हजार फुटांवर रणगाडा येईल हे समोरच्याच्या हिशेबात नव्हते. नोव्हेंबरअखेर कारगिल हाती आले. त्याची किंमत जवानांच्या बोटांनीही दिली.

१९६२ बद्दल थोडक्यातच लिहितो, नाहीतर राग आवरत नाही. नामका चूवर सातव्या ब्रिगेडचे जवान सुती कपड्यांत आणि हिशेबाच्या गोळ्यांवर उभे केले होते. तिथे थंडीला दोष देणे म्हणजे कारकुनी पळवाट आहे.

पण त्याच वर्षी रेझांग लाही घडले. सोळा हजार फुटांवर, १८ नोव्हेंबर. १३ कुमाऊंची चार्ली कंपनी, मेजर शैतानसिंग. वाचलेल्या मोजक्या जवानांनी जे सांगितले त्यावर पुष्कळांचा विश्वास बसला नाही. १९६३ च्या सुरुवातीला शोधपथक वर गेले तेव्हा माणसे खंदकांत तशीच होती, हातात शस्त्रे, नर्सिंग असिस्टंटच्या हातात सिरिंज. थंडीने तीन महिने पुरावा जपून ठेवला होता. थंडीचे फायदे मोजणाऱ्या कोणाच्याही यादीत हा नसतो, पण शंभराहून अधिक घरांना आपला माणूस पळाला नव्हता हे त्या बर्फाने सांगितले.

१९९९ चा धडा उलटा. दोन्ही बाजूंनी हिवाळ्यात उंचावरच्या काही चौक्या सोडायची रीत होती. थंडी सगळ्यांना सारखीच खाली ढकलते, असा तो भरवसा. समोरच्याने तोच भरवसा वापरला आणि मे महिन्यात मेंढपाळांना अनोळखी माणसे दिसली. तेव्हापासून तिथल्या कितीतरी चौक्या बारा महिने भरलेल्या असतात. तेव्हा आमच्या सातारा-सांगलीच्या पोरांना जानेवारीत तिथे का बसवता, असे एखादी आई विचारते, तेव्हा हेच उत्तर आहे. ते मी देतो. देताना तिच्याकडे बघणे सोपे नसते.

बाकी आमचे रोजचे जगणे साधे आहे. वर जाण्याआधी १२ हजार फुटांपर्यंत सहा दिवस, मग चार, मग आणखी चार दिवस शरीराला सवय करायची. ओले मोजे अंगावर ठेवायचे नाहीत, बुखारी पेटती असताना हवेची फट उघडी ठेवायची, संध्याकाळी प्रत्येकाची बोटे जोडीदाराने तपासायची. आणि सगळ्यात मोठे काम उन्हाळ्यातच: सहा महिन्यांचे रेशन, केरोसीन, औषधे खिंड बंद व्हायच्या आत वर पोहोचवणे. जोझिलाखालच्या बोगद्याचे काम चालू आहे. तो झाला की ही साठवण निम्मी होईल, असे मी आमच्या सुभेदार साहेबांना सांगितले. ते जुलैपासूनच याद्या करत बसले होते. म्हणाले, "होईल तेव्हा होईल साहेब. यंदा कांदा किती लिहू?"