कतारगामची कबर आणि आपले चोपडे

माझं माहेर पुण्याचं, सासर सुरतचं. गोपीपुऱ्यातलं जुनं घर सोडून आम्ही इच्छापोरला राहायला आलो, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. माहेरचं कुणी आलं की त्यांची यादी ठरलेली : साड्या, घारी, लोचो, आणि वेळ उरला तर डुमसचा किनारा. मी मात्र त्यांना एक तास कतारगाम दरवाजाकडे, डच कबरस्तानात नेते. ‘कबरस्तानात काय बघायचं?’ म्हणून नाक मुरडणाऱ्या माझ्या वहिनी तिथली घुमटाची दुमजली इमारत पाहून गप्पच झाल्या.

ही कबर हेंड्रिक व्हान रीड या डच अधिकाऱ्याची. डचांची ईस्ट इंडिया कंपनी १६०२ मध्ये स्थापन झाली आणि थोड्याच वर्षांत सुरतेत तिची वखार आली. मोठी जहाजं सुंवालीला नांगर टाकत. तो किनारा आमच्या इच्छापोरहून जवळच आहे. कंपनीच्या नोकरांचे गैरव्यवहार तपासायला नेमलेला व्हान रीड सुरतेकडे येताना डिसेंबर १६९१ मध्ये जहाजावरच वारला. कतारगामलाच इंग्रजांच्या कबरस्तानात ऑक्झेंडन बंधूंची भव्य कबर आहे. तिच्यापेक्षा सरस हवी म्हणून डचांनी ही बांधली, असं सांगतात.

पण मला हा माणूस आवडतो तो त्याच्या ग्रंथामुळे. मलबारात असताना त्याने तिथल्या वनस्पतींची चित्रं आणि माहिती जमवून घेतली. त्याचा ‘हॉर्टस मलबारिकस’ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला बारा खंडांत छापला गेला. माहिती दिली इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याने आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी. त्यांची नावं व्हान रीडने वगळली नाहीत. उलट त्या तिघांचं कोकणीतलं प्रमाणपत्र नागरी अक्षरांत पहिल्या खंडात छापलं. साडेतीनशे वर्षांपूर्वी, हॉलंडात, आपली अक्षरं!

आता आपल्या माणसाकडे येते. त्याच सतराव्या शतकात सुरतेत वीरजी व्होरा होते, लोंकागच्छाचे श्रावक. मिरी, पोवळी, कापड यांचा त्यांचा मोठा व्यापार. इंग्रज आणि डच दोघंही त्यांच्याकडून कर्ज घेत. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा त्यांची हवेली आणि वखारीही लुटल्या गेल्या. शाळेत हा धडा मी अभिमानाने पाठ केला होता. स्वराज्याला पैसा हवा होता, हे आजही पटतं. पण सासरी आल्यावर त्याच धड्यातलं एक घर आपल्या संघातल्या माणसाचं होतं हे कळलं, आणि तेव्हापासून तो धडा मी दोन्ही बाजूंनी वाचते.

वीरजींची कबर नाही. आपल्यात देहाचं असं स्मारक करत नाहीत, आणि ते मला योग्यच वाटतं. पण ते आपल्याला भेटतात ते मुख्यतः परक्यांच्या पत्रांतून. त्यांना घरात काय म्हणत, त्यांच्या बायको-सुनांची नावं काय, हे त्या पत्रांत कोण लिहिणार?

हे म्हणताना मला माझीच लाज वाटते. गोपीपुऱ्याचं घर आवरताना सासऱ्यांचे लाल कापडी बांधणीचे चोपडे मी रद्दीत घातले. तराजूवर चौदा किलो भरले. सासूबाई एवढंच म्हणाल्या, ‘बेटा, त्यात तुझ्या नणंदेच्या लग्नाचा खर्चही लिहिलेला होता.’

मैत्रिणींनो, सुरतला आलात तर कतारगामला जरूर जा. आणि घरी परतल्यावर माळ्यावरचं ते जुनं गाठोडं रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा सोडून बघा.