मुंबई ते जिद्दा: अंतर, वेळ आणि मीकातचा हिशोब

श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडच्या घरांतून दरवर्षी कुणी ना कुणी उमराहला निघतेच. पहिला सवाल ठरलेला, "जिद्द्याला किती तास लागतात?" तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी केली तर उत्तर चुकते. इहरामची वेळही याच हिशोबावर अवलंबून आहे, म्हणून तो नीट समजून घेऊ.

अंतर
मुंबई ते जिद्दा हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर आहे. आपल्या लोकांच्या नेहमीच्या वाटा पाहिल्या तर मुंबई–दुबई सुमारे १,९३० आणि मुंबई–कुवेत सुमारे २,७५० किलोमीटर भरते.

विमानाचा वेळ
थेट विमानाला जाताना साधारण साडेपाच तास, येताना पाचच्या आसपास लागतात. वरच्या हवेतला वारा बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, त्यामुळे येताना तो मदत करतो. दुबई किंवा अन्य ठिकाणी विमान बदलायचे असेल, तर थांब्याचे तास वेगळे धरा.

घड्याळाचा फरक
सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. समजा विमान सकाळी ९ ला सुटले. साडेपाच तासांनी आपल्याकडे अडीच वाजतात, पण जिद्द्यात दुपारचे १२. तिकिटावर प्रवास तीनच तासांचा दिसतो! उलट, रात्री १० ला जिद्द्याहून निघालेले विमान मुंबईत पहाटे साडेपाचला उतरते. कागदावर साडेसात तास, प्रत्यक्षात पाचच. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या बुजुर्गांसाठी हा फरक महत्त्वाचा आहे. डोसच्या वेळा निघण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या.

घरापासूनचा वेळ
श्रीवर्धनहून माणगावमार्गे मुंबई विमानतळाला पाच तास तरी धरा. विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचे. म्हणजे ९ च्या विमानासाठी घर रात्री १ च्या सुमारास सोडायला हवे. पुढे जिद्द्यातील तपासणी आणि मक्केपर्यंतचा रस्ता. सगळे मिळून १७-१८ तास सहज जातात. पनवेल तालुक्यातल्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आहे, त्यामुळे तिकिटावर विमानतळाचे नाव नक्की तपासा.

मीकात
पूर्वी आगबोटीने जाणाऱ्या हाजींची मीकात यलमलम होती. १९९५ नंतर मुंबईहून हज जहाजे बंद झाली. आता विमान उतरण्याच्या साधारण अर्धा तास आधी मीकातवरून जाते. वरच्या उदाहरणात ती वेळ आपल्या घड्याळाने दुपारी २ च्या आसपास येते. इहरामशिवाय मीकात ओलांडली आणि परत जाऊन इहराम बांधला नाही, तर दम द्यावा लागतो. म्हणून इहरामच्या चादरी हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या सामानात नको. कपडे घरी किंवा विमानतळावरच बदला. नियत घोषणा होताच करा; झोप लागायची भीती असेल तर त्याआधीच केलेली बरी. थेट मदीनेला जाणाऱ्यांचा इहराम नंतर, मक्केला निघताना जुल-हुलैफा येथे असतो. बारीक मसाइल आपल्या मस्जिदीच्या इमामसाहेबांना विचारून घ्या.

रोजा असेल तर
पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो. इफ्तार मुंबईच्या वेळेवर नको. विमानातून सूर्य मावळलेला दिसेल तेव्हाच करा.

अल्लाह सर्वांचा सफर आसान करो.