अर्पणपत्रिका आणि भेट : हॅरिएट टबमन व पंडिता रमाबाई

अमेरिकेतील गुलामगिरीच्या उच्छेदाचे पडसाद मराठी विचारविश्वात कसे उमटले, या प्रश्नाला बहुधा एकाच ग्रंथाचे नाव घेऊन उत्तर दिले जाते. जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला आणि तो त्यांनी संयुक्त संस्थानांतील सज्जनांना अर्पण केला. निग्रो गुलामांना दास्यातून सोडविण्याच्या कामी त्या लोकांनी दाखविलेल्या निरपेक्ष बुद्धीचा गौरव करून, तोच कित्ता आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्ततेसाठी गिरवावा, अशी इच्छा जोतीरावांनी तेथे प्रकट केली. सागरापलीकडील घटनेचे मर्म ओळखून ती आपल्या समाजाच्या व्यथेशी जोडण्याची ही दृष्टी त्या काळी असामान्यच होती.

तथापि या अर्पणपत्रिकेतील एक गोष्ट वाचकाच्या नजरेतून सहज निसटते. तीत मुक्त करणारे आहेत, मुक्त होणारेही आहेत. परंतु मुक्त होणाऱ्यांनी स्वतः काय केले, याचा निर्देश नाही. याचे कारण जोतीरावांच्या विचारात शोधणे अन्यायाचे होईल. पीडितांनी स्वतः बोलावे ही तर त्यांच्या शाळांची प्रतिज्ञाच होती. त्यांच्या शाळेतील मुक्ता या मांग समाजातील चौदा वर्षांच्या विद्यार्थिनीने मांगमहारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापला गेला होता. अर्पणपत्रिकेचा रोख निराळा होता. वरिष्ठ वर्गाला लाज वाटावी म्हणून दुसऱ्या देशातील वरिष्ठ वर्गाचे उदाहरण तिने पुढे ठेवले. परिणाम मात्र असा झाला की, मराठी वाचकाच्या मनात अमेरिकेची गुलाममुक्ती ही सज्जनांनी दिलेली देणगी म्हणून स्थिरावली. या चित्राला छेद देणारा अनुभव पुढे चौदा-पंधरा वर्षांनी एका मराठी भाषिक स्त्रीला आला. आणि तोही ग्रंथातून नव्हे, प्रत्यक्ष भेटीतून.

पंडिता रमाबाई मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियास पोहोचल्या. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे निमित्त होते. पुढे अडीच वर्षांहून अधिक काळ त्यांनी त्या देशात प्रवास केला, व्याख्याने दिली, १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला आणि नियोजित विधवागृहासाठी बोस्टन येथे ‘रमाबाई असोसिएशन’ उभी केली. याच वास्तव्यात त्यांची हॅरिएट टबमन या कृष्णवर्णीय स्त्रीशी भेट झाली. आपल्या लहानग्या मनोरमेस, जी तेव्हा इंग्लंडात होती, रमाबाईंनी या भेटीचे वृत्त कळविले. टबमनबाईंचे स्वतःचे छोटे घर आहे, पतीसह त्या अजूनही आपल्या लोकांसाठी कष्ट करीत आहेत, हे त्यांनी मुलीला सांगितले. शिवाय त्यांनी आपल्याला मारलेली मिठी आणि हात दुखेपर्यंत केलेले हस्तांदोलन यांचेही वर्णन केले. मुलीला लिहिलेल्या पत्रातील हा मजकूर असल्याने त्याला कोणी प्रबंधाचे मोल देणार नाही. परंतु ज्या हाताने रमाबाईंचा हात दाबला त्या हाताचा इतिहास पाहिला म्हणजे या साध्या वाक्यांचे वजन कळते.

टबमनबाईंचा जन्म मेरीलँड संस्थानातील डॉर्चेस्टर परगण्यात १८२२ च्या सुमारास गुलाम आईबापांच्या पोटी झाला. मूळ नाव अरामिंटा रॉस. लहान वयातच त्यांना परक्या घरी कामास लावण्यात आले. एकदा पळणाऱ्या गुलामावर फेकलेले लोखंडी वजन त्यांच्या डोक्यास लागले. त्या इजेमुळे काम करता करता, बोलता बोलता एकाएकी झोप लागण्याची व्याधी त्यांना जन्मभर जडली. १८४९ साली, धन्याच्या मृत्यूनंतर आपली विक्री होणार असे दिसताच, त्या दोघा भावांसह निघाल्या. भाऊ भ्याले व मागे फिरले. त्यानंतर त्या एकट्या निघून पेनसिल्व्हेनियात पोहोचल्या आणि स्वतंत्र झाल्या.

कथा येथे संपली असती तर ती एका धाडसी पलायनाची कथा झाली असती. पुढच्याच वर्षी, १८५० मध्ये, पळालेल्या गुलामांना उत्तरेतूनही पकडून परत देण्याचा कायदा झाला आणि नेमक्या त्याच वर्षी त्या मागे वळल्या. त्यांची भाची केझाया व तिची मुले यांचा केंब्रिज गावी न्यायालयाच्या दारात लिलाव होता. केझायाचा पती स्वतंत्र होता. त्याने स्वतःच बोली लावली आणि पैसे भरण्याची वेळ येण्यापूर्वी कुटुंबाला होडीतून बाल्टिमोरला पोहोचविले. तेथे टबमनबाई वाट पाहत होत्या. पुढील दहा वर्षे हाच त्यांचा उद्योग झाला. रात्री मोठ्या म्हणून हिवाळा निवडावयाचा. शनिवारी रात्री निघावयाचे, म्हणजे सोमवारपर्यंत फरारीची जाहिरात छापली जात नाही. वाटेत कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय साहाय्यकांच्या घरी लपावयाचे. या गुप्त व्यवस्थेस ‘भूमिगत रेल्वे’ म्हणत. तीत रूळ नव्हते की गाडी नव्हती. नव्या कायद्यामुळे प्रवासाचा शेवट कॅनडातील सेंट कॅथरिन्स येथे करावा लागे. १८५७ साली त्यांनी आपल्या वृद्ध आईबापांनाही बाहेर काढले.

या फेऱ्यांच्या संख्येविषयी सावधगिरी अवश्य आहे. सारा ब्रॅडफर्ड यांनी १८६९ साली लिहिलेल्या चरित्रामुळे एकोणीस फेऱ्या व तीनशे माणसे हे आकडे रूढ झाले आणि आजही अनेक पुस्तकांत ते आढळतात. पुढील काळातील संशोधनाने हे आकडे सुमारे तेरा फेऱ्या व सत्तर माणसे असे खाली आणले आहेत. आकडा घटला म्हणून कार्य घटत नाही. पकडले जाण्याची टांगती तलवार असताना एकच फेरी पुरेशी होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. यादवी युद्धात तर त्यांनी याहून मोठे काम केले. २ जून १८६३ रोजी दक्षिण कॅरोलायनातील कोंबाही नदीवर कर्नल माँटगोमेरी यांच्या कृष्णवर्णीय पलटणीने जो छापा घातला, त्यासाठी शत्रूच्या प्रदेशातील माहिती टबमनबाईंनीच जमविली होती आणि नौकांबरोबर त्या स्वतः गेल्या होत्या. त्या दिवशी सातशेहून अधिक गुलाम नौकांत चढून स्वतंत्र झाले.

सरकारने या सेवेचा मोबदला देण्यात मात्र हात आखडता घेतला. रमाबाई अमेरिकेत आल्या त्याच वर्षी, १८८६ मध्ये, ब्रॅडफर्ड यांनी टबमनबाईंच्या चरित्राची नवी आवृत्ती काढली, तीही मुख्यतः त्यांना चार पैसे मिळावेत म्हणून. न्यूयॉर्क संस्थानातील ऑबर्न येथे त्यांचे घर होते. वृद्ध, आजारी, निराधार माणसे तेथे आश्रयाला येत आणि यजमानीण भाजीपाला पिकवून, डुकरे पाळून त्यांचे पोट भरीत असे. म्हणजे रमाबाईंना भेटलेली स्त्री अमेरिकन सज्जनांच्या दयेचा विषय नव्हती. निधी गोळा करीत हिंडणारी, आश्रितांना अन्न पुरविणारी ती एक समव्यवसायी होती.

रमाबाई १८८९ च्या आरंभी मुंबईस परतल्या. त्याच वर्षी संयुक्त संस्थानांवरील त्यांचा मराठी ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्या देशाविषयीच्या कौतुकाने भरलेला असला तरी गुलामगिरी गेल्यावरही कृष्णवर्णीयांविषयीचा द्वेष उरला आहे, ही गोष्ट त्यांनी झाकून ठेवली नाही. या प्रांजळपणाची येथे दखल घेणे योग्य होय, कारण त्यांचा सारा निधी त्याच देशातून यावयाचा होता.

मात्र या दोन स्त्रियांची तुलना एका ठिकाणी अडते. टबमनबाई ज्यांना ‘आपले लोक’ म्हणत ते समाजाच्या तळाचे लोक होते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेले शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. रमाबाईंच्या ‘आपल्या’ माणसांचे वर्तुळ रुंदावले ते १८९६-९७ च्या दुष्काळात. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या, मुली व स्त्रिया गोळा करून आणल्या आणि केडगावच्या शेतावर त्यांना आसरा दिला. तेथे पुढे मुक्ती सदन वाढले व जातीचा निर्बंध राहिला नाही. या परिवर्तनाचे श्रेय ऑबर्नच्या त्या स्त्रीला देणे हे धाडस होईल. रमाबाईंचे आईवडील व बहीण दुष्काळातच गेली होती, आणि ते कारण पुरेसे आहे. असे असले तरी दुःखितांच्या प्रदेशात स्वतः जावयाचे, त्यांना बरोबर घेऊन यावयाचे आणि मग आपल्याच घरी ठेवून घ्यावयाचे, ही कार्यपद्धती रमाबाईंनी दुष्काळापूर्वी आठ-दहा वर्षे प्रत्यक्ष पाहिली होती.

टबमनबाईंचे पती नेल्सन डेव्हिस ऑक्टोबर १८८८ मध्ये वारले. पुढील महिन्यात रमाबाईंनी अमेरिकेचा किनारा सोडला. सैनिकाची विधवा म्हणून टबमनबाईंना आधी दरमहा आठ डॉलर वेतन मंजूर झाले व १८९९ साली ते वीस करण्यात आले. १९०८ मध्ये ऑबर्न येथे त्यांच्या नावाचे वृद्धाश्रम सुरू झाले. काही वर्षांनी त्या स्वतःच तेथे राहावयास गेल्या आणि १० मार्च १९१३ रोजी तेथेच वारल्या.